शंभर टक्के निकाल

माझे दीर युद्धावरून परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं. एखादा हात गेला असता, पाय लंगडत असता, निदान कपाळावर चांगला बोटभर व्रण असता, तर लोकांना बघायला काहीतरी मिळालं असतं. पण गाडीतून उतरलेला माणूस धडधाकट होता. दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी तळमजल्यावर खुर्च्या मांडून सत्कार ठेवला आणि भाषणात "एक ओरखडासुद्धा नाही!" हे वाक्य तीन वेळा म्हटलं, जणू मधल्या सगळ्या गोळ्या त्यांनी स्वतः झेलल्या होत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यासरशी भाऊजी खुर्चीखाली गेले. लोकांना वाटलं, त्यांचं काहीतरी पडलं असावं. सेक्रेटरीसुद्धा वाकून शोधायला लागले.

भाऊजी रस्त्यातले सुरुंग शोधून काढणाऱ्या तुकडीत होते. दोन वर्षांत चार सुरुंग त्यांच्या जवळ फुटले. जवळ म्हणजे किती, तर आमच्या स्वयंपाकघरापासून बाल्कनी जितकी लांब आहे, तितकं. चारही वेळा ते उडून पडले, चारही वेळा उठले, आणि चारही वेळा साहेबांनी "ठीक?" असं विचारल्यावर म्हणाले, "ठीक, साहेब." तुकडीत या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. तुम्ही ठीक नसलात तर उरलेला रस्ता तुमच्या मित्राला एकट्याने साफ करावा लागतो. कंपाउंडरनेही वहीत चार वेळा 'ठीक' लिहिलं आणि खाली झोकदार सही केली.

घरी आल्यावर मात्र काही ठीक नव्हतं. पहिल्या आठवड्यात दुधाची पिशवी कपाटात आणि इस्त्रीचे शर्ट फ्रिजमध्ये सापडले, तेव्हा आम्ही हसलो. तेही हसले. मग डोकेदुखी सुरू झाली. ट्यूबलाइट लावली की डोळे झाकून घ्यायचे, कुकरची शिट्टी झाली की जमिनीवर पालथे. चमच्याला काय म्हणतात ते सुचायचं नाही, "ते... ढवळायचं" असं म्हणत हात हवेत फिरवत उभे राहायचे. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायला गेले ते दोन तासांनी पावाशिवाय सापडले, आमच्याच जिन्यात, आपण वर चाललोय की खाली याचा विचार करत. एकदा संतापाने मिक्सर फरशीवर आपटला. मग चार दिवस माझी माफी मागत फिरले, कारण एकदा मागितलेली लक्षात राहत नव्हती.

हाच माणूस पूर्वी जेवणाच्या टेबलावर बसला की माझी नक्कल करायचा. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. "मागच्या बाकावर कोण खुसखुसतंय?" हे माझं वाक्य ते माझ्याच आवाजात असं म्हणायचे की माझ्या नवऱ्याला ठसका लागायचा. आता विनोद सुरू करायचे आणि अर्ध्यावर त्याचा शेवट हरवायचे. मग एकेकाकडे बघायचे, कुणीतरी पुढचं सांगेल म्हणून. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी उठून घासलेली भांडी पुन्हा घासायला लागायचे.

शेजारपाजारच्यांना मात्र निदान करायला दोन मिनिटं पुरली. एकीचं मत पडलं, लग्न करून द्या. दुसरी म्हणाली, आयतं मिळतंय म्हणून सोकावलेत. सेक्रेटरी म्हणाले, "सत्कार झाला ना, डोक्यात हवा गेली." डोक्यात हवा जाते, डोकं फिरतं, डोकं तापतं, डोक्यात राख जाते, डोक्यावर परिणाम होतो. इतकं सगळं डोक्याचं होतं आपल्या बोलण्यात, पण खरोखरच कुणाच्या डोक्याला मार लागला तर त्यासाठी एकाकडेही शब्द नव्हता.

शेवटी हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "कवटी शाबूत आहे. पण आत मेंदू चार वेळा आपटलाय. डब्यात अंडी ठेवून डबा जोरात हलवलात तर डब्याला काही होत नाही. तसं झालंय हे."

"यावर औषध?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"गोळ्यांनी डोकं दुखायचं कमी होईल, बस. सैन्याचं एक केंद्र आहे, फक्त अशा पेशंटसाठी. तिथे सहा-आठ महिने ठेवून घेतात. बोलणं, लक्षात ठेवणं, रस्ता शोधणं, राग आला तर काय करायचं, सगळं परत शिकवतात. पण वेळ घालवू नका. शेवटच्या स्फोटानंतरची पहिली दोन वर्षं मेंदू शिकतो. नंतर फार नाही. तुमचे आठ महिने गेलेत."

केंद्रात प्रवेश हवा तर वैद्यकीय मंडळाची चिठ्ठी हवी. ती एवढी चिठ्ठी मिळवायची होती. भाऊजी बत्तीस वर्षांचे होते, आणि त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या कागदावर अडलं होतं.

मंडळ म्हणजे लांब टेबलामागे तिघेजण. मधले अध्यक्ष, डावीकडचे जाड चष्म्याचे, उजवीकडचे जांभईवाले. भिंतीवर 'शूरांचा सन्मान हाच आमचा धर्म' असा बोर्ड आणि त्याच्या बरोबर वर दोन रखरखीत ट्यूबलाइट. नातेवाइकांनी मागच्या बाकावर गप्प बसायचं, असा नियम होता. बावीस वर्षं मी लोकांना मागच्या बाकावर गप्प बसवत आले. तिथून वर्ग कसा दिसतो हे पहिल्यांदाच कळलं.

"जखम कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"डोक्यात, साहेब."

अध्यक्ष उठून आले आणि उवा बघतात तसे केस बाजूला करून बघितले. मग जागेवर जाऊन मोठ्याने म्हणत लिहिलं, "दिसणारी जखम, नाही." जांभईवाल्यांनी मान डोलावली.

"बरं, आता कसं वाटतंय?"

त्या आवाजात अशी काही जरब होती की भाऊजी खाडकन उठून ताठ उभे राहिले. "ठीक, साहेब!"

मी मागे कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी तेही लिहून घेतलं. मग चष्मेवाल्यांनी परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले: कात्री, लिंबू, पूल, घंटा, चादर. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि दहा मिनिटांनी विचारलं, ते शब्द कोणते? भाऊजींना दोन आठवले. आम्हाला कागद मिळाला. 'स्मरणशक्ती: असमाधानकारक. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा. त्यानंतर प्रवेशाचा विचार.'

आता इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायला मला आनंद होतोय असं कुणी समजू नये. बावीस वर्षं माझ्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागलाय. जी मुलं जोडाक्षर बघून रडायची, ती मी पास केली. जो मुलगा सात अधिक पाच म्हणजे पंचाहत्तर म्हणायचा, तोही केला. त्यामुळे 'असमाधानकारक' हा शेरा वाचून माझं डोकंच उठलं. आणि त्याच कागदावर 'फेरपरीक्षा' आणि 'प्रवेश' हे दोन शब्द होते. माझ्यासारखीला याहून स्पष्ट काय हवं? चांगल्या ठिकाणी प्रवेश हवा तर मार्क हवेत. दोन मार्कांवर कोण घेणार? मला एकदाही शंका आली नाही. नवऱ्याला थोडी आली होती. तो म्हणाला, "अगं, हे दवाखान्यासारखं आहे ना, मग..." मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस, तुला स्वतःला बारावीला किती मार्क होते?"

मी कंबर कसली. फ्रिजवर पाच चिठ्ठ्या, आरशावर पाच, बाथरूमच्या दारावर पाच. सकाळी शाळेत जाण्याआधी अर्धा तास, संध्याकाळी आल्यावर एक तास. मी एक गोष्टही रचली: कात्रीने लिंबू कापलं, ते पुलावरून घरंगळलं, घंटेवर आपटलं आणि चादरीवर पडलं. भाऊजी घामाघूम व्हायचे. कधी वही भिरकावून द्यायचे. मी वही उचलून आणायचे आणि म्हणायचे, "भाऊजी, प्रवेश घ्यायचाय ना? मग परत. कात्री."

"कात्री," ते म्हणायचे. "वहिनी, तू ना, फार डोकं खातेस." आणि मग आपण काय बोललो ते कळून स्वतःच हसायचे.

चौथ्या महिन्यात एका रविवारी दुपारी, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी जेवता जेवता पाचही शब्द ओळीने म्हटले. मी घास खाली ठेवला. नवरा उठून खिडकीशी गेला आणि उगाचच पडदा सारखा करत राहिला. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी संध्याकाळी केक आणला. तिकडे केकला केक म्हणायचं त्यांना सुचेना, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही. पाच शब्द पक्के झाले होते आणि बाकी सगळं होतं तिथेच होतं. किंवा थोडं मागेच गेलं होतं. मला ते दिसत होतं, पण माझी नजर निकालावर होती.

फेरपरीक्षेला भाऊजींनी पाचही शब्द सांगितले. चष्मेवाले शब्द वाचून दाखवत होते तेव्हा ते ओठ हलवत त्यांच्यासोबत म्हणत होते, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत होती? अध्यक्षांनी उठून हात मिळवला. "शाबास! पाचपैकी पाच!" त्यांनी मागे माझ्याकडे बघितलं आणि मी, मला आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, मी लाजून म्हणाले, "थँक्यू सर. खूप मेहनत घेतली आम्ही."

बाहेर खिडकीवरच्या कारकुनाकडून कागद घेतला आणि ऐटीत विचारलं, "प्रवेश कुठल्या तारखेचा मिळेल?"

"कसला प्रवेश?"

"केंद्रातला. पास झालेत ते. पाचपैकी पाच."

कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. "अहो बाई, पास झाले म्हणजे बरे आहेत ते. बऱ्या माणसाला घरी पाठवतात. केंद्रात नापासांना घेतात."

कागदावर लिहिलं होतं, 'प्रकृती पूर्ववत. उपचारांची गरज नाही.' शेजारी भाऊजी उभे होते, चेहरा उजळलेला, आपण काय पराक्रम केलाय ते कुणाला सांगावं याचा विचार करत. मला तिथल्या तिथे भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण तो मान घरातल्या दुसऱ्या माणसाचा होता.

नवरा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. त्याने मुकाट्याने फ्रिजवरच्या, आरशावरच्या, बाथरूमच्या दारावरच्या चिठ्ठ्या काढल्या. चिकटपट्टीचे डाग राहिले, ते ओल्या फडक्याने पुसले.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एक अपील करता येतं," त्या म्हणाल्या. "एकच. चार महिन्यांनी तारीख मिळेल. तिथे नाही म्हणाले तर फाईल कायमची बंद. आणि बाई, हात जोडते, आता त्यांना काही शिकवू नका. जसे आहेत तसे घेऊन जा."

मी हो म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले. पण घरी आल्यावर विचार केला, जसे आहेत तसे म्हणजे कसे? जसे आहेत तसे तर ते पाचही शब्द घडाघडा म्हणतात! परीक्षा तीच, शब्द तेच. मंडळाने नवे पाच शब्द शोधायचे कष्ट दुसऱ्यांदा घेतले नव्हते, तिसऱ्यांदा कशाला घेतील? म्हणजे पुन्हा पाचपैकी पाच, पुन्हा शाबास, आणि फाईल बंद. जे मी शिकवलं ते मीच पुसायला हवं होतं. तर मी, जिच्या हाताखालून एक पोर कधी नापास झालं नाही, ती आता एका मोठ्या माणसाला नापास व्हायला शिकवायला बसले.

हे किती अवघड असतं ते कुणी करून बघावं. मुळात विसरायचं आहे हे लक्षात ठेवावं लागतं, आणि भाऊजींना लक्षात ठेवता येत नव्हतं म्हणून तर हा सगळा खटाटोप! सकाळी समजावून सांगायचं, "भाऊजी, ते साहेब शब्द विचारतील. तुम्ही म्हणायचं, आठवत नाही." ते मान डोलवायचे. संध्याकाळी विचारलं की कात्री, लिंबू, पूल, घंटा, चादर. सकाळचा धडा धुवून गेलेला, आणि हे पाच शब्द घट्ट. मी चुकीचे शब्द शिकवून बघितले. कात्रीऐवजी सुरी म्हणा, लिंबाऐवजी बटाटा. आठवड्याने ते दोन्ही म्हणायला लागले.

"साहेबांना 'आठवत नाही' कसं म्हणायचं?" त्यांनी एकदा अगदी कळवळून विचारलं. "वहिनी, तसं चालत नाही आमच्यात."

"का नाही चालत? आठवत नाही तर नाही."

"मग साहेब विचारतील, ठीक?"

"मग म्हणा, नाही ठीक."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी घरात चोरी करायला सांगितल्यासारखं ते बघणं होतं.

शेवटी शेवटी मी एवढंच पक्कं करून घेतलं, की हे पाच शब्द विसरायचे आहेत. रोज, दिवसातून दहा वेळा. तीन आठवड्यांनी ते बसलं. मी विचारायचे, "काय करायचं या शब्दांचं?" आणि ते म्हणायचे, "विसरायचे." मला हायसं वाटलं. अजूनही मी काय करत होते ते मला कळत नव्हतं.

अपिलाच्या दिवशी तेच टेबल, तेच तिघे. भाऊजींनी ट्यूबलाइटच्या उजेडापासून वाचायला टोपी पुढे ओढली, तर अध्यक्षांनी ती काढायला लावली. मी मागच्या बाकावर. चष्मेवाल्यांनी कागद हातात घेतला आणि घसा साफ केला.

"मी पाच शब्द सांगतो, ते लक्षात..."

"नाही साहेब," भाऊजी उभे राहून म्हणाले. "ते विसरायचे आहेत."

"काय?"

"वहिनीने सांगितलंय, साहेब. कात्री, लिंबू, पूल, घंटा, चादर. हे पाच विसरायचे."

चष्मेवाल्यांनी अजून एकही शब्द उच्चारला नव्हता. मग जांभईवाले हसायला लागले. तीन बैठकांत मी त्यांना पहिल्यांदाच जागं बघितलं. भाऊजीही हसले. आपल्याकडून चांगला विनोद झाला आणि या वेळी त्याचा शेवटही नीट जमला, असं त्यांना वाटलं असावं.

नियम गेला खड्ड्यात. मी उठले आणि टेबलापाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या, ती गोष्ट, केक, सगळं. "चूक माझी आहे, सर. मी मूर्ख आहे. मला वाटलं प्रवेशाला मार्क लागतात. ते पाठ केलेलं आहे, दुसरं काही राहत नाही त्यांच्या डोक्यात. तुम्ही शब्द बदला. दुसरे कुठलेही विचारा. एकदाच विचारा, मी पाया पडते."

अध्यक्षांना बहुधा काम लवकर उरकायचं होतं, पण चष्मेवाले म्हणाले, "विचारू या की." त्यांनी खोलीत इकडेतिकडे नजर टाकून नवे शब्द सांगितले. पंखा, साबण, शेत, टोपी, काच. भाऊजींनी ते म्हणून दाखवले. मग गप्पा झाल्या. मी जागेवर बसून घड्याळ बघत होते. दहा मिनिटं.

"हं, सांगा. मघाचे शब्द?"

भाऊजींच्या कपाळावर घाम. त्यांचे ओठ हलले, थांबले.

"एखादा तरी?"

"कुठले शब्द, साहेब?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. शब्द तर गेलेच होते, पण कुणी शब्द सांगितले होते हेही गेलं होतं. पाचपैकी शून्य. हे असंच हवं होतं. हे आमच्या घरात रोज, दर तासाला होत होतं, आणि आज पहिल्यांदा मंडळासमोर झालं. मला इतका आनंद झाला की मी बाकाची कड घट्ट धरली. दिराच्या लक्षात काही राहिलं नाही म्हणून आनंद झालेली वहिनी मी एकटीच असेन.

मग भाऊजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. जेवणाच्या टेबलावर बघायचे तसंच, कुणीतरी पुढचं सांगेल म्हणून. सहा महिने सकाळ-संध्याकाळ ते अडले की मीच सांगत आले होते. मला पाचही शब्द आठवत होते. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि नकळत मान हलवली, नाही म्हणून.

अध्यक्षांनी ते बघितलं.

"वा," ते म्हणाले. "वहिनींची परवानगी नाही वाटतं."

"नाही हो सर, तसं नाही, त्यांना खरंच..."

"बाई, तुम्हीच आत्ता सांगितलंत ना, की आधी लक्षात ठेवायला शिकवलं, मग विसरायला शिकवलं? शिकवलेलं ते करून दाखवतायत. दोन्ही वेळा पैकीच्या पैकी." ते लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "कुटुंबीयांनी पढवलेला. लक्षणं विश्वासार्ह नाहीत. अपील फेटाळलं." मग पेनाला टोपण लावलं. "तुम्ही फार चांगल्या शिक्षिका आहात."

चष्मेवाले काहीतरी बोलायला लागले होते. अध्यक्षांनी पुढची फाईल त्यांच्यापुढे सरकवली. मी भांडले. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही; माझ्या वर्गातल्या कुणी तसं बोललं असतं तर मी आई-वडिलांना बोलावून घेतलं असतं. शिपायाने दार उघडून धरलं. भाऊजींनी जाताना तिघांनाही कडक सलाम ठोकला आणि जांभईवाल्यांनी सवयीने उलट सलाम केला.

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. भाऊजी खिडकीशी बसले. बस सुटल्यावर माझ्याकडे वळले.

"वहिनी, परीक्षा होती ना आज?"

"हो."

"पास झालो का गं?"

मी म्हणाले, "झालात."

त्यांचा चेहरा असा फुलला की समोरच्या सीटवरच्या बाईसुद्धा हसल्या. "दादाला सांगायला पाहिजे," ते म्हणाले. दोन स्टॉप गेले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, परीक्षा होती ना आज? मी पुन्हा म्हणाले, झालात पास. घर येईपर्यंत ते चार वेळा पास झाले, आणि चारही वेळा त्यांना तितकाच आनंद झाला. मी मात्र दर वेळी तो शब्द तोंडातून काढताना आतल्या आत मरत होते.

नवरा लवकर घरी आला होता आणि दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभा होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"हो, काय झालं, वहिनी?" भाऊजीही म्हणाले. "पास झालो का?"

दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पास झाले," मी म्हणाले.

भाऊजींनी आनंदाने दादाला मिठी मारली. माझ्या नवऱ्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली, "शाबास" म्हणाला, त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मग तो त्यांच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक नाडी सुटली. दुसरीची गाठ त्याला बराच वेळ सापडत नव्हती.